आडनाव सांगा, कूळ सांगतो

पाचपांडेसाहेबांनी मला माझं नाव विचारलंच नाही. आडनाव विचारलं.

सौदीतल्या खफजीच्या आमच्या ऑफिसातला तो माझा पहिला दिवस होता. नाशिक सोडून जेमतेम तीन दिवस झाले होते, इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, हातात आलेला नव्हता, आणि समोर आपल्या भाषेतला माणूस बसलेला पाहून मला भरून आलं होतं. मी "निकम" म्हणालो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले आणि थोडा वेळ तसेच बसले. मला वाटलं, त्यांना भोवळ आली.

"निकम म्हणजे निष्काम," ते डोळे उघडून म्हणाले. "मधला 'ष' झिजला. तुमच्या घराण्यात कुणीतरी फळाची अपेक्षा न ठेवता काम करणारा पुरुष होऊन गेला."

मी रात्री घरी फोन करून वडिलांना हे सांगितलं. तेही खूश झाले. पुढच्याच आठवड्यात एका पंपाचा रिपोर्ट द्यायला मला दोन दिवस उशीर झाला, आणि माझ्या घराण्याचा इतिहास बदलला. "निकम म्हणजे निकामी," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "मला पहिल्याच दिवशी शंका आली होती." त्यानंतरची सहा वर्षं मी त्यांच्या मर्जीप्रमाणे कधी निष्काम होतो, कधी निकामी. माझ्या पूर्वजांना याचा काय त्रास झाला असेल कुणास ठाऊक.

मनोहर पाचपांडे आमच्या दुरुस्ती विभागाचे प्रमुख होते. समुद्रातून येणाऱ्या तेलाचे पंप आणि कॉम्प्रेसर चालू ठेवणं हे आमचं काम, आणि त्या कामात त्यांच्या तोडीचा माणूस त्या किनाऱ्यावर नव्हता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. पण सांगण्याआधी तीनदा रीडिंग घ्यायचे. कुणी नुसत्या अंदाजानं बोललं, तर "पुरावा आण, मग बोल," म्हणून त्याला पिटाळायचे. पंपाच्या बाबतीत इतका कडक असलेला हा माणूस आडनावाच्या बाबतीत मात्र एकाही रीडिंगशिवाय सातशे वर्षं मागे जायचा. "आडनाव सांगा, कूळ सांगतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. समोरच्यानं आडनाव नाही सांगितलं, तर ते त्याच्या हेल्मेटवरून वाचायचे.

त्यांचा सिद्धांत अगदी सोपा होता. माणूस खोटं बोलतो, कागद खोटा असतो, पण आडनाव खोटं बोलत नाही, कारण ते रक्तातून येतं. दुसरं कलम असं, की जगातली सगळी आडनावं मुळात आपल्याकडची. ती प्रवासात झिजली. काहींची अक्षरं गळाली, काहींची जागा चुकली. अक्षरं परत जागेवर बसवली, की झालं. आणि त्यांचं स्वतःचं आडनाव? पाच पांडे, म्हणजे पाच विद्वान. राजानं बोलावून आणलेले पाच विद्वान भाऊ. कुठल्या राजानं, हे विचारलं की ते मला निकामी म्हणायचे.

सौदी सरकारनं मात्र या पाच विद्वानांची वाट लावली होती. अरबी लिपीत 'प' नाही आणि 'च'ही नाही. त्यामुळे इकाम्यावर त्यांचं आडनाव 'बाशबांदी' झालं होतं. गेटवर, बँकेत, दवाखान्यात सगळीकडे "मिस्टर बाशबांदी" अशी हाक यायची. दुसरा कुणी असता तर चिडला असता. साहेब सुरुवातीला चिडलेही होते म्हणतात. पण एकदा शटडाउनच्या कामाला आलेल्या तुर्की फोरमननं त्यांचा बिल्ला वाचला आणि म्हणाला, "आमच्या भाषेत बाश म्हणजे प्रमुख." तेवढं पुरे झालं. त्या दिवसापासून लिपीची ती अडचण हा इतिहासाचा दुवा ठरला. पाचांपैकी एक भाऊ तुर्कस्तानकडे गेला होता आणि तिथे सैन्यात मोठ्या हुद्द्यावर चढला होता, हे आम्हाला पुढच्या चहाला कळलं. त्याचं नाव अजून सापडलं नव्हतं, एवढंच.

या सिद्धांताला धक्का देणारा एकच माणूस आमच्या ऑफिसात होता. हसन अल-हद्दाद. कतीफचा, आमचा मॅनेजर, अतिशय शांत. साहेबांनी एकदा त्याला समजावून सांगितलं की हद्दाद हा शब्द 'हद्द' वरून आला आहे, त्याचे पूर्वज सरहद्दीचे राखणदार असणार, आणि म्हणूनच नियतीनं त्याला कुवेतच्या सीमेवरच्या या गावात नोकरी दिली. हसननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हद्दाद म्हणजे लोहार. माझे आजोबा लोहार होते. खलास." आणि सहीसाठी पुढची फाइल ओढली.

साहेब जागेवर येऊन बसले आणि मला म्हणाले, "स्वतःच्या घराण्याबद्दल इतकं अज्ञान."

अशा ठिकाणी युरोपातल्या चेक देशातला एक माणूस आला.

कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी आमच्याकडे पाठवलं होतं. पन्नाशी उलटलेला, उंच, आणि चेहरा असा की नुकताच कुणाला तरी पोचवून आलाय. मी त्याला दोन वर्षांत तीनदा हसताना पाहिलं, त्यात एकदा तो शिंकत होता. त्याचं आडनाव वेसेली. त्याचा अर्थ काय, असं साहेबांनी हातातला हात सोडायच्या आत विचारलं.

"आनंदी," तो खिन्नपणे म्हणाला.

साहेबांनी चष्मा वर चढवला, डोळे मिटले. या वेळी फार वेळ लागला नाही. "वेसेली. विसेली. विलासी. 'ल' आणि 'स'नं जागा बदलली. निकम, हा माणूस आपल्याकडचा आहे." त्याच दिवशी त्यांनी त्याचं नाव आनंदराव ठेवलं, आणि महिनाभरात तो त्या हाकेला ओ देऊ लागला.

आनंदराव बोलायचा कमी, पण त्याच्याकडे गोष्टी होत्या. त्याच्या गावाकडे आडनावांबद्दल लोक जे सांगतात, ते सगळं तो चहाच्या वेळी, एखादा अपघाताचा अहवाल वाचावा तशा आवाजात सांगायचा. जुन्या काळी सम्राटानं हुकूम काढला, की प्रत्येकाला कायमचं आडनाव हवं. कारकून वही घेऊन गावोगाव फिरले. एका गावात कारकून भल्या पहाटे पोचला आणि ज्या घरी गेला, त्या घरचा माणूस काय करतोय तेवढंच लिहीत गेला. एक जण घाबरून बिछान्यातून उडी मारून उठला, त्याचं आडनाव व्हिस्कोचिल, म्हणजे 'उडी मारली'. एक जण धावत आला, तो पोस्पिशिल, 'घाई केली'. एक जण अजून आडवाच होता. तो दोलेझाल, 'लोळत पडला'. आणि एक जण घरातच नव्हता, फिरायला गेला होता. त्याचं आडनाव प्रोखाझ्का, म्हणजे फेरफटका.

"आणि तुमचे पूर्वज?" साहेबांनी विचारलं.

"ते आदल्या रात्रीपासून पीत होते. आमच्या घरी असं सांगतात," आनंदराव म्हणाला. "म्हणून आनंदी."

साहेब हे सगळं एका जाड वहीत लिहून घेत. आनंदरावाच्या गोष्टीत आणि त्यांच्या सिद्धांतात सरळ भांडण होतं, हे मला दिसत होतं. कारकुनानं सकाळी उठून जे दिसलं ते लिहिलं असेल, तर रक्ताचा प्रश्न कुठे आला? मी एकदा तसं म्हणालो. साहेबांनी कीव आल्यासारखं पाहिलं. "अहो निकम, उडी मारणं रक्तातच असावं लागतं. तुम्ही असता तर मारली असती का?"

त्या दिवाळीत त्यांच्या घरी फराळाला आम्ही पाच मराठी कुटुंबं जमलो होतो. खफजीत तेवढीच होती. त्यांच्या पत्नी शैलावहिनींनी चकल्यांचा डबा उघडायच्या आत साहेबांनी वही उघडली आणि 'चेक आडनावे आणि आपण' या विषयावर पाऊण तास बोलले. द्वोर्झाक म्हणजे द्वारक, द्वारपाल. स्वोबोदा म्हणजे स्वबोध. कोनेच्नी म्हणजे तर उघडच कोकणी. आनंदराव सोफ्यावर अंग चोरून बसला होता. कोनेच्नीचा अर्थ 'शेवटचा' असा आहे, असं त्यानं हळूच सांगून पाहिलं. "कोकण म्हणजे किनाऱ्याचं शेवटचं टोकच की," साहेब म्हणाले, आणि आनंदराव पुन्हा चकलीकडे वळला. तिकडच्या बहुतेक बायकांच्या आडनावाला शेवटी 'ओवा' लागतो, हे ऐकल्यावर बायकांच्या बाजूला हशा पिकला, आणि पोटदुखीचा विषय निघाला. कुलकर्ण्यांच्या दहावीतल्या मुलीनं हात वर करून विचारलं, "अंकल, बट सोर्स क्या है?"

"माझा सोर्स समोर बसलाय," साहेबांनी आनंदरावाकडे बोट दाखवलं.

आनंदरावानं चकली बशीत ठेवली. "मला माझ्या काकानं सांगितलं," तो म्हणाला. "तो दारू पितो."

असं सगळं मजेत चाललेलं असताना, पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये, सकाळी नवाच्या सुमाराला, आनंदराव कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये खाली बसला आणि उठलाच नाही. हृदयविकाराचा झटका होता. अँब्युलन्सनं गावातल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. अँब्युलन्समध्ये साहेब बसले. मी मागून गाडीनं गेलो, तेव्हा ते बाहेरच्या बाकावर आनंदरावाचे सेफ्टी बूट मांडीवर घेऊन बसले होते.

आनंदरावाची बायको बरीच वर्षं आधी गेलेली होती. एक मुलगी होती. तिचा नंबर आनंदरावाच्या फोनमध्ये साहेबांनी शोधला, आणि तिच्याशी तेच बोलले. मी ते बोलणं ऐकलं. त्यात कुठलाही सिद्धांत नव्हता. "मी त्यांच्याजवळ आहे, तुम्ही या," एवढंच ते तीन-चार वेळा म्हणाले. विमानाची तिकिटं, व्हिसा, सगळं हसननं जमवलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दमामच्या विमानतळावरून घेऊन निघालो. तीन तासांचा रस्ता. तिशीची मुलगी, रादका नाव. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "ते शुद्धीवर आहेत?" मी म्हणालो, "औषधानं झोपवलंय."

हॉस्पिटलात डॉक्टर तिचीच वाट पाहत होते. आनंदरावाला त्याच दिवशी दमामजवळच्या खोबरच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं होतं, तिथे ऑपरेशन होणार होतं, आणि त्यासाठी नातेवाइकाची सही हवी होती. अँब्युलन्स दारात उभी होती. आणि नेमका तिथे, रिसेप्शनच्या काचेमागे, गाडी अडली.

काचेमागे लखनौचा एक क्लार्क होता. नवा असावा, कारण नियम पाळत होता. त्यानं एका हातात बापाचा पासपोर्ट धरला, दुसऱ्या हातात मुलीचा, आणि दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत म्हणाला, "सर, नाम मैच नहीं होता. पेशंट वेसेली है, ये वेसेला है. सिस्टम में फैमिली लिखना है तो फैमिली नेम एक होना चाहिए."

रादकानं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, की आमच्याकडे असंच असतं. त्यानं मान हलवली आणि वरिष्ठांना विचारावं लागेल म्हणाला. वरिष्ठ राउंडवर होते. रादका दारातल्या अँब्युलन्सकडे पाहायला लागली.

तेवढ्यात साहेब पुढे सरसावले. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी त्यांनी तयारी केली होती, तो क्षण आला होता. त्यांनी काचेवर दोन्ही तळवे टेकवले आणि हिंदीत सुरू केलं. "देखिए, मूल शब्द है विलासी. संस्कृत. उसमें से अक्षर की अदलाबदल होकर वेसेली हुआ. अब सम्राट का हुकूम निकला, तो कारकून गाँव में आया…"

क्लार्क उठून उभा राहिला. आदरानं नाही, घाबरून. साहेब थांबेनात. व्हिस्कोचिल आला, पोस्पिशिल आला, पाच विद्वान भाऊ उंबरठ्यावर आले. मागे रांग लागली. अँब्युलन्सचा ड्रायव्हर आत येऊन घड्याळाकडे पाहून गेला. मी साहेबांच्या कोपराला हात लावला, तो त्यांनी झटकला. मला त्या वेळी त्यांचा मनापासून राग आला. आत एक माणूस मरणाच्या दारात होता आणि बाहेर त्याच्या आडनावाची व्युत्पत्ती चालू होती.

मागच्या खोलीतून एक सौदी बाई बाहेर आल्या. नखशिखांत काळा अबाया, चेहऱ्यावर निकाब, गळ्यात सुपरवायझरचा बिल्ला. त्यांनी क्लार्कच्या हातातून दोन्ही पासपोर्ट घेतले, एकदा वाचले आणि साध्या इंग्रजीत म्हणाल्या, "बाप वेसेली. मुलगी वेसेला. पुरुष सौदी, बाई सौदिया. यात काय अडलं?" मग रादकाला म्हणाल्या, "यल्ला, आत जा."

सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. साहेबांचे तळवे अजून काचेवरच होते. ते काढल्यावर काचेवर ओले ठसे राहिले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस मिरवत नव्हता. त्याला भीती वाटत होती. भीती वाटली की काही माणसं देवाचं नाव घेतात. पाचपांडेसाहेब आडनावं घ्यायचे.

ऑपरेशन नीट झालं. दहा दिवसांनी, एका शुक्रवारी, आम्ही दोघं खोबरला भेटायला गेलो. आनंदराव उशीला टेकून बसला होता. चेहरा पूर्वीसारखाच खिन्न, म्हणजे तब्येत सुधारत होती. साहेबांनी वही सोबत आणली होती. रादकाला त्यांनी एव्हाना राधिका करून टाकलं होतं आणि ती तिच्या देशात काय काम करते, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. ती जिल्ह्याच्या दप्तरखान्यात होती. चर्चच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या सांभाळणं हेच तिचं काम.

साहेबांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मला आजही आठवते. त्यांनी वही तिच्यापुढे उघडून ठेवली. तिनं पानं उलटली. व्हिस्कोचिल, पोस्पिशिल, फेरफटका, सगळं वाचलं आणि बापाकडे पाहून म्हणाली, "हे काकानं सांगितलेलं ना?"

आनंदरावानं मान डोलावली.

"या गोष्टी छान आहेत," ती साहेबांना म्हणाली. "सगळ्या गावांत सांगतात. पण सम्राटाच्या हुकुमाच्या कितीतरी आधीपासून ही आडनावं वह्यांमध्ये सापडतात. हुकुमानं फक्त ती पक्की केली. उडी कुणी मारली, का मारली, ते कुणालाच माहीत नाही. गोष्टी लोकांनी मागाहून रचल्या."

"आणि तुमचा तो पिणारा पूर्वज?" साहेबांनी विचारलं. आवाजात अजून उमेद होती.

"मी शोधला त्याला," रादका म्हणाली. "आमचं वेसेली आडनाव त्याचं नव्हतंच. त्याचं आडनाव कोलार्झ. तो वेसेली नावाच्या शेतावरच्या विधवेशी लग्न करून तिच्या घरी राहायला आला. तेव्हा ज्या घरात माणूस राहील, त्या घराचं नाव त्याला लागायचं. पाद्र्यानं पहिल्या मुलाच्या जन्माची नोंद करताना त्याला वेसेली लिहिलं."

"कोलार्झ म्हणजे?"

"चाकं बनवणारा."

"तो चाकं बनवायचा?"

"नाही. मेंढ्या होत्या त्याच्याकडे."

आनंदराव उशीवरून थोडा पुढे झाला. "म्हणजे आपण वेसेली नाहीच," तो म्हणाला. त्यालाही हे नवीन होतं.

"आहोत की," रादका म्हणाली. "इतक्या पिढ्या लोक आपल्याला त्याच नावानं हाक मारतायत. अजून काय लागतं?"

मला वाटलं, आता साहेब चष्मा वर चढवतील. कोलार्झचं कोल्हापूरकर करायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता. पण त्यांनी वही मिटली. मग तिला विचारलं, "त्या माणसाला काही वाटलं असेल का? आपलं नाव पुसलं गेल्याचं?"

रादका म्हणाली, "वह्यांमध्ये तसं लिहीत नाहीत."

परत येताना गाडी मी चालवत होतो. जुबैल मागे पडलं, दोन्ही बाजूंना नुसती वाळू आणि विजेचे खांब. साहेब खिडकीबाहेर पाहत होते.

"निकम," ते म्हणाले, "मी मूळचा झोपे."

मला आधी वाटलं, त्यांना झोप आली आहे. मी गाडीचा एसी कमी केला.

"आडनाव," ते म्हणाले. "झोपे. यावल तालुक्यातले. मावशीला मूल नव्हतं. मी नऊ वर्षांचा असताना मला त्यांना दत्तक दिलं. पाचपांडे मावशीच्या नवऱ्याचं आडनाव."

मी रस्त्याकडे पाहत राहिलो. ते सांगत गेले, तेही रस्त्याकडेच पाहत. नव्या शाळेत मास्तरांनी हजेरीच्या वेळी "पाचपांडे" म्हणून हाक मारली. या मुलाला ते आपलं नाव वाटेना. हा ओ देईना. दोन दिवस गैरहजेरी लागली, समोर बसलेला असून. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी कानाखाली वाजवली, तेव्हा हा "हजर" म्हणाला. "तेव्हापासून मी हजर आहे," साहेब म्हणाले.

"आणि घरी?"

"घरी मोठा भाऊ होता. एकनाथ. तो मला पोचवायला एसटीत बसून आला होता. परत जाताना मी त्याच्या मागे धावू नये म्हणून मावशीनं मला आत कोंडलं. मग मी मनाशी ठरवलं, की आता पाचपांडेच व्हायचं. पूर्ण व्हायचं. पाच विद्वान मी कॉलेजात असताना तयार केले. हॉस्टेलवर कुणीतरी आडनावाचा अर्थ विचारला, म्हणून." त्यांनी सीटबेल्ट सैल केला. "शैलाला माहीत आहे. मुलांना नाही. एकनाथच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. गेलो असतो तर मुलांना सांगावं लागलं असतं, की हे काका झोपे कसे."

"भाऊ आहेत अजून?" मी विचारलं.

"आहे. एसटीत कंडक्टर होता. आता घरीच असतो. दर दिवाळीला फोन करतो. मी मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगतो. दिवाळीला इथे कसली मीटिंग असणार, हे त्यालाही कळत असेल."

खफजी आल्यावर ते घरापाशी उतरले, दार लावलं, आणि खिडकीतून वाकून म्हणाले, "उद्या त्या तीन नंबरच्या पंपाची रीडिंग मला सकाळी आठला हवीत." मी हो म्हणालो.

यानंतर साहेब बदलले असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. महिनाभर त्यांनी कुणालाच आडनाव विचारलं नाही. मग केरळचा एक नवीन इन्स्पेक्टर आला आणि त्याच्या आडनावाचं मूळ त्यांनी पाच मिनिटांत नगर जिल्ह्यात शोधून काढलं. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. आनंदराव बरा होऊन मुलीबरोबर घरी गेला. जाताना त्यानं साहेबांना मिठी मारली आणि तो हसला. त्याचं तिसरं हसू ते हेच. हसननं निरोपाच्या चहाला साहेबांना विचारलं, की याच्या आडनावाबद्दल शेवटी काय ठरलं. साहेब म्हणाले, "आनंदी. बास." हसननं मान डोलावली आणि फाइल ओढली.

वयाची साठ वर्षं पूर्ण झाल्यावर साहेबांचंही फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जाणं, लागलं. शैलावहिनी आधीच पुण्याला जाऊन घर लावत होत्या. एका सकाळी मी साहेबांना दमामच्या विमानतळावर सोडायला गेलो. सत्तावीस वर्षांचा संसार तीन खोक्यांत बसला होता. दोन मोठी खोकी, दोरीनं आवळलेली, त्यांवर जाड मार्करनं 'मनोहर पाचपांडे, पुणे' असं लिहिलेलं. तिसरं लहान होतं. ते त्यांनी सामानात टाकू दिलं नाही, काखेतच धरलं होतं. त्यात हुफूफचा खजूर होता, आदल्या आठवड्यात मलाच आणायला लावलेला. रांगेत उभं असताना त्याच्या बाजूवरचा पत्ता मला वाचता आला. 'श्री. एकनाथ तुकाराम झोपे' आणि खाली गावाचं नाव. अक्षर साहेबांचंच होतं, पण पंपाच्या रिपोर्टवर असतं तसं तिरकं आणि घाईचं नव्हतं. एकेक अक्षर सुटं, शाळेतल्या मुलानं काढावं तसं.

आमच्या पुढे एक मराठी बाई उभ्या होत्या. दोन लहान मुलं, ट्रॉलीवर प्रेशर कुकरचं खोकं. त्यांनी मागे वळून तो पत्ता वाचला आणि चेहरा खुलला. "तुम्ही झोपे का? आम्ही भुसावळचे. आमच्या गल्लीतही झोपे आहेत."

मी साहेबांकडे पाहिलं.

"हो," साहेब म्हणाले. "झोपे."

"गमतीचं आडनाव आहे नाही? मला नेहमी वाटतं, कशावरून पडलं असेल."

साहेबांचा हात चष्म्याकडे गेला. चष्मा कपाळावर चढला. डोळे मिटले. कुठला राजा येणार, कुठलं अक्षर गळणार, काही सांगता येत नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले आणि चष्मा पुन्हा नाकावर ठेवला.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मोठा भाऊ आहे माझा. त्याला विचारून बघतो."

रांग पुढे सरकली. त्यांनी खोकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि ट्रॉली पुढे ढकलली.